अंधारखोलीतून पडद्यावर : छायाचित्र-संपादन कोणत्या क्रमाने शिकावे?

१/
फोटोशॉप प्रथमच उघडणाऱ्याला पडद्याच्या डाव्या कडेला हत्यारांची एक उभी रांग दिसते. त्या रांगेत दोन विचित्र चित्रखुणा आहेत : एक, काठीला लावलेली गोल चकती, दुसरी, बोटे जुळवून पोकळ केलेला हात. संगणकावर काम करणाऱ्याला काठी आणि हात कशाला लागावेत? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला एकोणिसाव्या शतकाच्या अंधारखोलीपर्यंत मागे नेते. त्याच वाटेने पुढे आल्यास हे सॉफ्टवेअर शिकणे पुष्कळ सोपे होते. आजचा धागा त्या वाटेविषयी.

२/
विषय इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा का, हेही आधी सांगतो. जुनी छायाचित्रे स्कॅन करणे, कातरणे, उजळणे, रंगवणे आणि पुण्यतिथीच्या दिवशी सर्वत्र पाठवणे, हे आता आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून घडते. ताम्रपटावर छिन्नी चालवण्याचे धाडस आपण करणार नाही. छायाचित्रावर मात्र बोट सहज फिरते. छायाचित्रही साधनच आहे. त्यामुळे संपादन शिकताना हत्यार कसे चालते याबरोबर त्याने पूर्वी काय काय घडवले, हे कळणे आवश्यक आहे.

३/
प्रारंभ अगदी मुळापासून करू. १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे एक छायाचित्र फिरत्या दंडगोलावर लावून संगणकात उतरवले. चित्राची बाजू ५ सेंटिमीटर होती. उभे १७६ आणि आडवे १७६, असे त्याचे एकंदर ३०,९७६ ठिपके झाले. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, एवढीच नोंद संगणकाने ठेवली.

नवशिक्याचा पहिला पाठ हाच. कोणतेही छायाचित्र उघडावे आणि ठिपके सुटे दिसेपर्यंत मोठे करावे. पडद्यावरचे चित्र म्हणजे अंकांचा तक्ता आहे आणि पुढची सर्व हत्यारे त्या अंकांची बेरीज-वजाबाकी करणार आहेत, हे एकदा डोळ्यांना पटले की यंत्राचे अर्धे भय सरते.

४/
तीस वर्षे पुढे येऊ. १९८७ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉल यांनी मॅकिंटॉशच्या कृष्णधवल पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे नाव ‘डिस्प्ले’. चित्रपटांतील दृश्य-चमत्कारांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत काम करणारे त्यांचे बंधू जॉन नॉल यांना त्यात मोठी शक्यता दिसली. १९८८ मध्ये अडोबी कंपनीशी बोलणी झाली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली.

५/
या कथेत एक तपशील महत्त्वाचा आहे. नॉल बंधूंचे वडील ग्लेन नॉल हे प्राध्यापक आणि हौशी छायाचित्रकार होते. घराच्या तळघरात त्यांची स्वतःची अंधारखोली होती. थॉमस यांनी छपाईचे धडे तिथे गिरवले. त्यामुळे सॉफ्टवेअरमधील अनेक हत्यारांना अंधारखोलीचीच नावे आणि तिथलेच आकार मिळाले. काठी आणि हात तिथून आले आहेत.

यावरून शिकण्याचा क्रमही सुचतो. मेनूत वरून खाली उतरत जाऊ नये. अंधारखोलीत छपाई ज्या टप्प्यांनी होत असे, त्या टप्प्यांनी जावे.

६/
टप्पा शून्य : निगेटिव्ह जपणे.

छायाचित्रकार प्रिंटवर वाटेल ते प्रयोग करी, निगेटिव्ह मात्र पाकिटात सुरक्षित राही. आपले निगेटिव्ह म्हणजे मूळ स्कॅन. तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि काम नेहमी नकलेवर करावे. स्कॅन शक्यतो टिफ स्वरूपात असावा. जेपेग फाइल लहान होते ती माहिती गाळून. ती पुनःपुन्हा संपादित करून साठवली की प्रत्येक वेळी थोडी झीज होते.

आज आपण निर्धास्तपणे मागे फिरतो, पण ही सोय बरीच उशिरा आली. फोटोशॉपमध्ये थर, म्हणजे लेयर, आले १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. अनेक पावले मागे नेणारी हिस्टरीची यादी आली १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत. तोपर्यंत एकच पाऊल मागे घेता येई. त्या काळच्या लोकांना नकला ठेवण्याची शिस्त नाइलाजाने लागली; आपण ती स्वखुशीने लावून घ्यावी.

७/
टप्पा पहिला : कातरणे.

क्रॉप हे सर्वांत साधे हत्यार. चित्र सरळ करावे, नको ती कड काढावी. पण जुन्या छायाचित्राबाबत येथेच पहिला धोका आहे. एकोणिसाव्या शतकातील कॅबिनेट कार्डवर चित्राच्या खालच्या पुठ्ठ्यावर बहुधा स्टुडिओचे नाव आणि गाव छापलेले असते. मागे कधी हस्ताक्षरातील नोंदही सापडते. चेहरा मोठा दिसावा म्हणून ती पट्टी कातरली, की चित्राचा काळ आणि स्थळ ठरवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा गेला. म्हणून पुठ्ठ्यासकट, मागच्या बाजूसकट स्कॅन करावा. कातरायचे ते नकलेत.

८/
चौकटीचा मोह मोठमोठ्यांनाही आवरत नाही. फेब्रुवारी १९८२ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड आहेत. मूळ छायाचित्र आडवे होते, मुखपृष्ठ उभे. तेव्हा संगणकाच्या साहाय्याने पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवण्यात आले. साडेचार हजार वर्षे न हललेले दगड मांडणीच्या सोयीसाठी हलले! त्यावरून मोठी टीका झाली. फोटोशॉप बाजारात यायला तेव्हा आठ वर्षे अवकाश होता, हेही ध्यानात घ्यावे.

९/
टप्पा दुसरा : उजेड आणि काळोख.

येथे ‘लेव्हल्स’ हे हत्यार शिकावे. ते उघडताच डोंगररांगेसारखा एक आलेख दिसतो, तो हिस्टोग्राम. डावीकडे काळे ठिपके, उजवीकडे पांढरे, मध्ये करडे. डोंगराची उंची म्हणजे त्या छटेच्या ठिपक्यांची संख्या. फिकट पडलेल्या जुन्या प्रिंटचा डोंगर मधल्या भागात दाटलेला असतो, दोन्ही टोके ओसाड. डावा त्रिकोण डोंगराच्या डाव्या पायथ्याशी आणि उजवा उजव्या पायथ्याशी आणला, की चित्रात जीव येतो. ‘कर्व्ह्ज’ हे याच कामाचे अधिक सूक्ष्म हत्यार. ते दुसऱ्या आठवड्यात घ्यावे, पहिल्या दिवशी नव्हे.

१०/
“यात मी नवीन काही जोडले नाही, फक्त उजेड बदलला,” असा बचाव अनेकदा ऐकू येतो. जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात मुखपृष्ठावर छापले. न्यूजवीकने ते होते तसे छापले. टाइमने गडद केले. दोन्ही अंक दुकानात शेजारी दिसू लागले आणि फरक कोणाच्याही नजरेतून सुटेना. कृष्णवर्णीय आरोपी अधिक काळा आणि अधिक भयावह दाखवला, असा आक्षेप आला आणि टाइमला खुलासा करावा लागला. एकही वस्तू न जोडता, न वगळता चित्राचा अर्थ बदलला होता. लेव्हल्सचा त्रिकोण सरकवताना हे स्मरणात असावे.

११/
टप्पा तिसरा : काठी आणि हात.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. अंधारखोलीत एन्लार्जरचा प्रकाश निगेटिव्हमधून कागदावर पडतो. जिथे प्रकाश जास्त, तिथे कागद अधिक काळा. एखाद्या चेहऱ्यावर सावली फार दाट असेल, तर छपाई करणारा तारेला पुठ्ठ्याची चकती लावून ती प्रकाशाच्या वाटेत हलवत धरी. तेवढा भाग उजळ राही. हेच डॉजिंग. आकाश फार फिके असेल, तर बाकीचा कागद तळहातांनी झाकून बोटांच्या पोकळीतून तेवढ्याच भागावर जादा प्रकाश सोडी. तो भाग गडद होई. हेच बर्निंग.

१२/
या कलेचे प्रख्यात उदाहरण म्हणजे अन्सेल अॅडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे १९४१ मधील छायाचित्र. एकाच निगेटिव्हवरून त्यांनी काही दशके प्रिंट काढले आणि काळ सरला तसे त्यातील आकाश गडद होत गेले. निगेटिव्ह हे संगीताच्या स्वरलिपीसारखे आणि प्रिंट हे तिच्या गायनासारखे, अशी त्यांची भूमिका होती. अभ्यासकासाठी याचा अर्थ असा की ‘मूळ छायाचित्र’ हा शब्द जपून वापरावा. कोणत्या वर्षीचा प्रिंट, हाही प्रश्न विचारावा.

सरावासाठी : डॉज आणि बर्न यांची तीव्रता ५ ते १० टक्क्यांवर ठेवावी आणि हलक्या हाताने अनेकदा फिरवावे. हत्यार कुठे फिरले हे पाहणाऱ्याला कळले, तर जास्त फिरले असे समजावे.

१३/
जाता जाता एक कोडे. चित्र रेखीव करणाऱ्या फिल्टरचे नाव ‘अनशार्प मास्क’, म्हणजे अस्पष्ट झाकण, असे का? अंधारखोलीत निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली उलट प्रत काढत आणि दोन्ही एकमेकींवर ठेवून छपाई करत. त्या धूसर प्रतीमुळे कडा उठून दिसत. नाव कृतीचे आहे, परिणामाचे नाही. इतिहास ठाऊक नसेल तर नवशिक्याला हे नाव उलटेच वाटते.

१४/
टप्पा चौथा : डागडुजी.

स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या आणि व्रण घालवत. आज त्या जागी क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रश आहेत. हीलिंग ब्रश २००२ च्या सातव्या आवृत्तीत आला. शिकायला दोन्ही सोपे. अवघड आहे ते कशाला हात लावायचा हे ठरवणे. माझा नियम साधा आहे : कागदावर नंतर पडलेला ओरखडा काढावा, कॅमेऱ्यासमोर असलेली खूण ठेवावी. धूळ, घडीची रेघ, बुरशीचा डाग या कागदाच्या व्यथा झाल्या. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, अंगरख्याला लावलेले ठिगळ, भिंतीचा उडालेला गिलावा ही मात्र माहिती आहे. देवीचे व्रण पुसणारा संपादक साथीच्या रोगांच्या इतिहासाचा एक पुरावा पुसतो.

१५/
हेच हत्यार सत्तेच्या हाती गेले की काय होते? मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी काढलेल्या एका छायाचित्रात स्टालिनच्या शेजारी निकोलाय येझोव दिसतो. १९३६ ते १९३८ या भीषण काळात तो सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख होता. पुढे तोच मर्जीतून उतरला आणि १९४० मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. त्याच छायाचित्राच्या नंतरच्या प्रतीत त्याच्या जागी कालव्याचे पाणी आहे.

डेव्हिड किंग यांनी अशा बदललेल्या छायाचित्रांचा संग्रह करून १९९७ मध्ये ‘द कॉमिसार व्हॅनिशेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. खोडलेली प्रत आणि न खोडलेली प्रत दोन्ही टिकल्या, म्हणून तो ग्रंथ शक्य झाला. टप्पा शून्य आठवा.

१६/
टप्पा पाचवा : थर.

लेयर ही कल्पना नवशिक्याला सर्वांत गूढ वाटते. प्रत्यक्षात ती छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणावी लागेल. १८५० च्या दशकातील ओल्या कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील होत्या. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होई. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी यावर उपाय काढला : एक निगेटिव्ह समुद्राचे, दुसरे ढगांचे, आणि क्षितिजरेषेवर दोन्हींची सांधणी. सेत येथील लाटेचे १८५७ च्या सुमाराचे त्यांचे विख्यात चित्र असेच दोन निगेटिव्हांचे आहे. आजच्या भाषेत, दोन लेयर.

१७/
त्याच वर्षी, १८५७ मध्ये, मँचेस्टरच्या प्रदर्शनात ऑस्कर रेलँडर यांनी तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून केलेले ‘जीवनाचे दोन मार्ग’ हे भव्य रूपकचित्र मांडले. त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीने विकत घेतली. १८५८ मध्ये हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हांतून एका मरणासन्न मुलीचे दृश्य रचले. छायाचित्र खोटे बोलू शकते हा शोध आपल्या पिढीचा नाही. छायाचित्रणाचा जन्म १८३९ चा धरला, तर त्यानंतर वीस वर्षांच्या आत तो लागला होता.

१८/
लेयरचा जोडीदार म्हणजे मास्क. एका निगेटिव्हची छपाई होत असताना उरलेला कागद झाकावा लागे. ते झाकण म्हणजे मास्क. छापखान्यांत याच कामासाठी लाल रंगाची पातळ फिल्म कातरून वापरत. फोटोशॉपच्या क्विक मास्कमध्ये चित्रावर पसरणारा लाल रंग तिचीच आठवण आहे.

एकच सूत्र पाठ करावे : मास्कवर काळे ते झाकले, पांढरे ते उघडे, करडे ते अर्धवट. खोडरबराने पुसलेला भाग परत आणणे कठीण. मास्कने झाकलेला भाग केव्हाही उघडता येतो. म्हणून मास्क आला त्या दिवशी खोडरबर बाजूला ठेवावा.

१९/
आता मुंबईत येऊ. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. याच शहरात छायाचित्रण करणाऱ्या विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील विविध जाती-जमातींच्या लोकांची छायाचित्रे ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ या नावाने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. वेशभूषेचा आणि समाजाचा अभ्यास करणारे आजही या खंडांकडे वळतात.

या चित्रांतील माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि मागची दृश्ये दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही निगेटिव्ह नंतर सांधलेली आहेत. म्हणजे लेयर आणि मास्क.

२०/
यात फसवणुकीचा हेतू होता असे म्हणण्याची गरज नाही. तेव्हाच्या तंत्राने उघड्यावर माणसांचा गट स्पष्ट टिपणे अवघड होते, आणि चित्र आकर्षक करणे हा व्यवसायाचा भाग होता. पण परिणाम पाहा. एखाद्या गटामागे देऊळ दिसते, म्हणून तो समाज त्या देवळाच्या परिसरात राहत होता, असा निष्कर्ष कोणी काढला तर? पोशाखाचा पुरावा ग्राह्य, स्थळाचा अग्राह्य, अशी एकाच कागदाची विभागणी करावी लागते. स्वतःच्या हाताने दोन लेयर कधी सांधले असतील, तर ही शिवण डोळ्यांना लवकर दिसते : सावल्यांची दिशा जुळत नाही, पाय जमिनीवर टेकलेले वाटत नाहीत, कडा प्रमाणाबाहेर तीक्ष्ण असतात. संपादन शिकण्याचे इतिहासकाराला मिळणारे खरे फळ हे आहे.

२१/
यासाठी मला ठाऊक असलेला सर्वांत उत्तम स्वाध्याय देतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘सिटी पॉइंट येथे जनरल ग्रँट’ हे एक छायाचित्र आहे. घोड्यावर सेनापती, मागे विस्तीर्ण लष्करी तळ. प्रत्यक्षात त्यात तीन चित्रे आहेत. डोके ग्रँटचे, १८६४ च्या एका छायाचित्रातले. धड आणि घोडा मेजर जनरल अलेक्झांडर मकूक यांचा. मागचा ‘तळ’ म्हणजे फिशर्स हिल येथे पकडलेले दक्षिणेचे युद्धकैदी. ही जुळणी १९०२ च्या सुमारास लेव्हिन हँडी यांनी केली. ग्रंथालयाच्या अभ्यासकांनी तिन्ही मूळ चित्रे शोधून हे कोडे उलगडले.

२२/
संयुक्त चित्र आणि त्याचे मूळ घटक ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता आणि उतरवून घेता येतात. ते घ्यावेत आणि हँडींचे काम पुन्हा करावे : तीन लेयर, दोन मास्क, लेव्हल्सने छटा जुळवणे, मानेच्या सांध्यावर हलका बर्न. दोन संध्याकाळी पुरतात. या एका स्वाध्यायात वरचे पाचही टप्पे येतात. तो पुरा झाल्यावर जॉन्सनच्या खंडांतील चित्रे पाहावीत. नजर बदललेली जाणवेल.

२३/
टप्पा सहावा, आणि शेवटचा : रंग.

येथे सर्वाधिक घाई होते आणि सर्वाधिक हानीही. ओल्या कलोडियनच्या काचेला निळा जवळजवळ पांढरा दिसे. लाल, पिवळा आणि केशरी गडद उमटत. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ मध्ये बाजारात आल्या. म्हणजे १८६० च्या दशकातील चित्रात फिके दिसणारे पागोटे निळे असू शकते आणि काळे दिसणारे भगवे किंवा लाल. स्वयंचलित रंगकाम करणारे सॉफ्टवेअर करड्या छटेवरून अंदाज बांधते. पागोट्याचा रंग त्या काचेला ठाऊकच नव्हता.

२४/
भारतातील जुन्या स्टुडिओंतही प्रिंटवर हाताने रंग चढवत. मात्र त्या रंगाऱ्याने त्या काळचे कापड निदान डोळ्यांनी पाहिलेले असे. आपल्याजवळ तोही आधार नाही. आपल्याकडे पागोट्याच्या रंगावरून जात, पंथ, प्रदेश ओळखण्याची रीत होती. चुकीचा रंग हा म्हणूनच चुकीचे विधान ठरतो. रंगवायचेच असेल, तर संग्रहालयातील वस्त्रे किंवा समकालीन चित्रे यांचा आधार घ्यावा आणि चित्रातच, पुसता येणार नाही अशा जागी, ‘रंग नंतर भरलेले’ असे लिहावे. खाली दिलेला मजकूर चित्राबरोबर प्रवास करत नाही. दुसऱ्याच फॉरवर्डमध्ये तो गळून पडतो.

२५/
कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? फोटोशॉपसाठी पैसे मोजावे लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले गिम्प विनामूल्य आहे, आणि या धाग्यातील प्रत्येक टप्पा त्यात करता येतो. साधारण आठवड्याला एक टप्पा धरावा. एका वेळी एकच हत्यार आणि एकच चित्र. पन्नास व्हिडिओ पाहण्यापेक्षा आजीच्या लग्नातले एक छायाचित्र नीट दुरुस्त केल्याने अधिक शिकायला मिळते.

२६/
आणि सोबत एक वही किंवा साधी मजकूर-फाइल ठेवावी : मूळ कोठून मिळाले, कोणत्या तारखेला स्कॅन केले, काय काय बदलले. येझोवला पुसणाऱ्या हातांचे कसब थोर असेल, पण त्यांनी अशी नोंद ठेवली नाही. दुरुस्ती आणि खोडसाळपणा यांत पुष्कळदा हत्यारही तेच असते आणि हातही तेवढाच कुशल असतो. वेगळी असते ती ही दोन-चार ओळींची नोंद. उद्याचा अभ्यासक आपले चित्र हाती घेईल तेव्हा त्याला ती सापडावी, एवढी व्यवस्था आपण आजच करून ठेवू शकतो.

धागा समाप्त. ग्रँटचा स्वाध्याय करणाऱ्यांनी आपली जुळणी खाली अवश्य टाकावी. अर्थात, ‘जुळणी’ असे तिच्यावर लिहूनच.